कच्चा रस्ता ट्रॅक्टरने राखायचा तर : अवजार आणि हायड्रॉलिक कसं निवडावं

फाट्यापासून घरापर्यंतचा किंवा शेतातल्या शेडपर्यंतचा कच्चा रस्ता राखायला ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती हॉर्सपॉवरचा घेऊ? सुरुवातच उलटी होते. रस्त्याला काय हवंय ते आधी बघावं, त्यावरून अवजार ठरवावं, अवजाराला लागेल तेवढं हायड्रॉलिक मोजावं आणि हे सगळं पेलेल असा ट्रॅक्टर शेवटी शोधावा. ट्रॅक्टर आधीच दारात उभा असला तरी क्रम हाच ठेवा. निदान जे अवजार त्याला चालवता येणार नाही त्यावर पैसे तरी जाणार नाहीत.

आधी रस्ता चालत बघा

पाऊस पडत असताना किंवा उघडल्यावर लगेच रस्त्यावरून पायी चालत जा. पाणी कुठे साचतं, कुठून आडवं येतं, चाकोरीतून लांबवर कुठे वाहत जातं, हे त्या वेळी जसं दिसतं तसं कोरड्या दिवशी दिसत नाही. कच्चा रस्ता बिघडतो तो बहुतेक पाण्यामुळे. गाड्या फक्त पाण्याने मऊ केलेला भाग उखडतात.

म्हणून मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असा आकार रस्त्याला द्यावा लागतो. त्यालाच कॅम्बर म्हणतात. खडी-मुरुमाच्या रस्त्याला साधारण ४ टक्के उतार पुरतो. रस्ता ३.६ मीटर रुंद असेल तर मध्यापासून कडेपर्यंत १.८ मीटर होतात, म्हणजे मध्य कडेपेक्षा ७ सेंटिमीटरच्या आसपास उंच हवा. डोळ्याला हे फारसं जाणवत नाही, पण पाण्याला पुरतं. उतार ६ टक्क्यांच्या वर गेला की गाड्या मधूनच चालायला लागतात आणि मधेच नवी चाकोरी पडते. डोंगरउतारावरच्या रस्त्याला कॅम्बरऐवजी सगळा उतार एकाच बाजूला दिलेला चालतो.

चालताना तीन गोष्टी टिपून ठेवा. एक, कडेला मातीची वरंबी तयार झाली आहे का? ती असली तर कॅम्बर कितीही चांगला असो, पाणी चरात उतरत नाही, वरंबीच्या आतून रस्त्यावरच धावतं. दोन, खड्डे किती खोल आहेत? तीन, पृष्ठभागावर खडीला धरून ठेवणारा बारीक माल उरला आहे का, की नुसती सुटी खडी लोळते आहे? बारीक मालच उडून किंवा वाहून गेला असेल तर कोणतंही पातं तो परत आणून देणार नाही. तिथे नवीन माल टाकावा लागतो, आणि तो मातीचा थोडा चिकट अंश असलेला हवा. धुतलेली स्वच्छ खडी कितीही दाबली तरी बसत नाही.

ट्रॅक्टरच्या मागचं पातं रस्त्याशी असं का वागतं

अवजार निवडताना बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

मोठ्या मोटर ग्रेडरचं (रस्ता सपाट करणाऱ्या स्वतंत्र यंत्राचं) पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे असतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं तरी पातं त्याच्या काही हिश्शानेच हलतं. ट्रॅक्टरचं पातं मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं असतं. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि पातं मागच्या चाकांच्या १ मीटर मागे आहे. पुढची चाकं १० सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली की पातं ५ सेंटिमीटर खाली रुततं. मग मागची चाकं त्याच उंचवट्यावर चढतात आणि पातं १५ सेंटिमीटर वर उचललं जातं. याचा अर्थ, लिफ्ट (मागचं अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा) एका जागी पक्की धरून चालवलं तर ट्रॅक्टर रस्त्यावरच्या लाटा काढत तर नाहीच, उलट दीडपट करून नव्या लाटा पाडतो. नवखा चालक लिव्हर सारखा वरखाली करून हे सावरायला जातो आणि प्रत्येक वेळी थोडा उशिरा पोचतो.

यावर उपाय तीन. अवजाराला स्वतःच्या लांब घसरपट्ट्या असाव्यात, म्हणजे ते ट्रॅक्टरच्या नव्हे, रस्त्याच्या आधाराने चालेल. किंवा अवजाराच्या मागे स्वतःची चाकं असावीत. तिसरा उपाय, टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) आणि एका बाजूची लिफ्ट रॉड (खालची लिंक उचलणारा दांडा) चालू कामात बसल्या जागेवरून हलवता यावी. पुढची सगळी निवड या तीन गोष्टींभोवती फिरते.

लिफ्टची तीन पॉइंटची जोडणी (वर टॉप लिंक, खाली दोन लिंक) मुळात नांगरासाठी निघाली. हॅरी फर्ग्युसनने १९२० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं तेव्हा हलक्या ट्रॅक्टरने नांगर ओढताना मागच्या चाकांवर वजन यावं आणि फाळाची खोली आपोआप सांभाळली जावी हा हेतू होता. रस्ता सपाट करणं त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा या कामात ती अडखळली तर तिला दोष देऊन उपयोग नाही.

कोणतं अवजार कशासाठी

*लँड प्लेन.* दोन लांब घसरपट्ट्या आणि त्यांच्या मधे एकामागे एक दोन तिरपी पाती. पाती घसरपट्टीच्या तळाशी किंवा किंचित खाली असतात. उंचवटा कापला जातो, माल पात्यावरून लोळत मागे जातो आणि खळग्यात पडतो. लिव्हर पूर्ण खाली सोडायचा आणि चालवत राहायचं. रस्ता एकदा नीट आकारात असेल आणि तो तसाच ठेवायचा असेल, तर एकाच अवजाराला मत द्यायला सांगितलं तरी माझं मत यालाच. हायड्रॉलिक जवळपास लागतच नाही, चालकाच्या हाताची सफाईही फारशी लागत नाही. पण हे अवजार माल दूर नेत नाही, चर खणत नाही, आणि मोडलेला कॅम्बर एकट्याने पुन्हा उभा करत नाही.

*बॉक्स ब्लेड.* मागे पातं, दोन्ही बाजूंना भिंती, पुढे खाली-वर करता येणारे दाते. कडक झालेला थर दात्यांनी फोडायचा, माल पेटीत गोळा करायचा, पुढे नेऊन हवा तिथे सोडायचा. उंच जागेचा माल खोल जागी न्यायला याच्यासारखं अवजार नाही. पण वर सांगितलेल्या लाटांचा त्रास सगळ्यात जास्त यालाच होतो, कारण त्याचा तळ आखूड असतो. टॉप लिंक आखूड केली की पेटी पुढे झुकते, दाते आणि पात्याची पुढची कड जास्त रुतते. लांब केली की पेटी मागे रेलते आणि माल नुसता पसरवत जाते. ही एक गोष्ट हाताला बसली की निम्मं बॉक्स ब्लेड जमलं.

*मागचं ब्लेड.* एकच लांब पातं, डावी-उजवीकडे तिरपं करता येणारं, काहींत एका टोकाकडे झुकवता आणि बाजूला सरकवताही येणारं. कडेचा माल मधे आणणं, वरंबी कापणं, उथळ चर काढणं ही कामं याचीच. पातं तिरपं केलं की त्याची कामाची रुंदी कमी होते हे विकत घेताना सुचत नाही. २.१ मीटरचं पातं ३० अंश वळवलं की साधारण १.८ मीटरच उरतं, ४५ अंशाला दीड मीटर. मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, आणि ३० अंशाला वळवलेलं पातं त्याहून रुंद उरेल असं बघा. नाहीतर नुकत्याच केलेल्या कामावर तुमचंच चाक चाकोरी पाडत जाईल. या ब्लेडला मागे गेज व्हील (खोली धरून ठेवणारी छोटी चाकं) लावता आली तर जरूर लावा. लाटांचा त्रास तिथेच निम्मा होतो.

*स्वतःच्या चाकांवरचा ओढायचा ग्रेडर.* पातं मधे, चाकं मागे, खोली सिलिंडरने बदलायची. दर्जा मोटर ग्रेडरच्या सगळ्यात जवळ जातो. रस्ता लांब असेल, वळायला जागा असेल, तर याचा विचार करा. अर्ध्या किलोमीटरच्या अरुंद रस्त्याला तो डोईजड होतो.

पुढचा लोडर माल भरायला आणि टाकायला आहे. बकेट पूर्ण खाली तोंड करून मागे ओढत सपाटीकरण करणारे दिसतात. त्यात बकेट झुकवणाऱ्या सिलिंडरच्या दांड्या वाकतात, आणि त्या दुरुस्त करणं स्वस्त नसतं. रोटाव्हेटर तर या कामात आणूच नका. तो वर्षानुवर्षं बसलेला थर पिठासारखा करून टाकतो आणि दगडांवर पाती मोडतात ती वेगळीच.

रस्ता खूप बिघडलेला असेल तर बॉक्स ब्लेड किंवा मागच्या ब्लेडने एकदा आकार द्या, मग लँड प्लेनने राखा. दोन अवजारं घेणं परवडणार असेल तर मागचं ब्लेड आणि लँड प्लेन ही जोडी मी निवडेन. माल इकडून तिकडे न्यायचं काम जास्त असेल तर ब्लेडच्या जागी बॉक्स.

वजन बघा, हॉर्सपॉवर नंतर

अवजार हलकं असेल तर ते वाळलेल्या कडक थरावर नुसतं घसरतं. ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार वर उचलते, पण बहुतेक ट्रॅक्टरांत ती खाली दाबत नाही. पातं रुततं ते फक्त त्याच्या वजनाने आणि त्याच्या कोनामुळे. म्हणून रुंदीला भुलू नका. रस्त्याच्या कामात १.८ मीटरचं ३५० किलोचं बॉक्स ब्लेड २.१ मीटरच्या २५० किलोच्या ब्लेडपेक्षा केव्हाही बरं.

ट्रॅक्टरचंही तेच. खडीच्या रस्त्यावर चाकांची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर चारही चाकांना जोर असलेला २,००० किलोचा ट्रॅक्टर घसरायच्या आधी साधारण १,००० किलोची ओढ देईल. पातं चालवायचा वेग ताशी ५ किलोमीटर. या वेगाला एवढी ओढ द्यायला चाकांपाशी १४ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे १८-१९ हॉर्सपॉवर लागते. त्याच वजनाचा ट्रॅक्टर ५० हॉर्सपॉवरचा घेतलात तरी उरलेली ताकद चाकं जागच्या जागी फिरवण्यातच जाईल. दोन ट्रॅक्टरांमधून निवडायचं असेल तर वजनदार, चारही चाकांना जोर असलेला आणि लांब व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेला घ्या. व्हीलबेस लांब असला की वरचं लाटांचं गणितही सौम्य होतं.

मागे जड अवजार उचललं की पुढची चाकं हलकी पडतात. ट्रॅक्टर आणि अवजार मिळून जे वजन होईल त्याच्या किमान २० टक्के पुढच्या अ‍ॅक्सलवर राहिलं पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. वजनकाट्यावर अवजार उचलून फक्त पुढची चाकं ठेवली की उत्तर मिळतं. कमी पडलं तर पुढे वजनाच्या पाट्या लावा. लोडर लावला असेल तर उलट, मागे वजन हवं. तिथे बॉक्स ब्लेडच वजनाचं काम करतं.

जोडणीची मापं

तीन पॉइंटच्या जोडणीला कॅटेगरी असते. कॅटेगरी १ मध्ये टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटरची आणि खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात. कॅटेगरी २ मध्ये अनुक्रमे २५ आणि २८ च्या आसपास. खालच्या दोन जोडबिंदूंमधलं अंतरही बदलतं, १ मध्ये ६८३ मिलिमीटर आणि २ मध्ये ८२५. लहान पिनेवर बुश चढवून मोठ्या बॉलमध्ये बसवता येते, पण अंतर जुळत नसेल तर बुशने काही होत नाही. जुनं अवजार घेताना टेप आणि कॅलिपर सोबत न्या.

खालच्या लिंकच्या चेन किंवा स्टॅबिलायझर घट्ट ओढून घ्या. नांगराला थोडं हलायला जागा लागते. ब्लेडला ती दिली तर तिरपं पातं ट्रॅक्टरला सोडून कडेला पळतं.

लिफ्टची उचलण्याची क्षमता वाचताना ती कुठे मोजली आहे ते बघा. काही पत्रकांत खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला आकडा असतो, काहींत त्याच्या ६१० मिलिमीटर मागे मोजलेला. दुसरा बराच लहान येतो, आणि तुमच्या कामाचा तोच, कारण अवजाराचं वजन टोकावर नसतं, मागे असतं. तरी रस्त्याच्या अवजारांत लिफ्ट सहसा अपुरी पडत नाही. अपुरं पडतं ते पुढचं वजन.

लिफ्टचा कोणता लिव्हर

पोझिशन कंट्रोलचा लिव्हर जिथे ठेवाल त्या उंचीला लिफ्ट थांबते. ड्राफ्ट कंट्रोल ओढ वाढली की अवजार थोडं वर घेतो, कमी झाली की खाली सोडतो. नांगराला ते हवंच, पण रस्त्यावर त्याने पृष्ठभाग लाटा-लाटांचा होतो, कारण कडक जागी पातं वर येतं आणि नेमकी तीच जागा कापायची असते. ड्राफ्टचा लिव्हर काम न करणाऱ्या टोकाला ठेवून पोझिशनवर चालवा. लँड प्लेन किंवा गेज व्हीलचं ब्लेड असेल तर पोझिशनचा लिव्हर तळाला टेकवा. लिफ्ट एकाच बाजूने जोर लावणारी असल्यामुळे मग ती तरंगती राहते आणि अवजार रस्त्याच्या अंगाने चालतं.

सीटखाली बहुधा लिफ्ट उतरण्याचा वेग बदलायचा एक नॉब असतो. तो हळू करून ठेवा. जड ब्लेड धाडकन पडलं तर रस्त्यात खाच पडते.

हायड्रॉलिक टॉप लिंक आणि टिल्ट

बॉक्स ब्लेड किंवा मागचं ब्लेड घेणार असाल आणि रस्ता काही शे मीटरपेक्षा लांब असेल, तर मोठ्या ट्रॅक्टरऐवजी पैसे इथे घाला. टॉप लिंकच्या जागी एक डबल अ‍ॅक्टिंग (ढकलणारा आणि ओढणाराही) सिलिंडर आणि एका बाजूच्या लिफ्ट रॉडच्या जागी दुसरा. पहिल्याने कापायचा कोन बदलतो, दुसऱ्याने पातं डावी-उजवीकडे झुकतं.

टिल्टला किती कमी हालचाल लागते ते आकड्यांत बघा. कॅटेगरी १ मध्ये खालच्या जोडबिंदूंत ६८३ मिलिमीटर. ४ टक्के उतार हवा म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा २७ मिलिमीटर वर. लिफ्ट रॉड खालच्या लिंकच्या मधोमध जोडलेली असेल तर रॉडची लांबी जेमतेम १४ मिलिमीटर बदलायची. हाताने फिरवायच्या रॉडने हे नक्कीच होतं, पण प्रत्येक वेळी खाली उतरावं लागतं. रस्त्याच्या एका बाजूने जाताना झुकाव एकीकडे, परतताना दुसरीकडे. तिसऱ्या फेरीला माणूस उतरायचा कंटाळा करतो आणि कॅम्बर तसाच राहतो.

सिलिंडरचं गणित सोपं आहे. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), २५ मिलिमीटर दांडी, दाब १७५ बार धरला तर ढकलण्याचा जोर सुमारे ३,५०० किलो आणि ओढण्याचा सुमारे २,६०० किलो येतो. लहान-मध्यम ट्रॅक्टरला तो पुरतो. अडचण जोराची नाही, वेगाची आहे. २०० मिलिमीटर स्ट्रोकच्या (दांडीच्या पूर्ण हालचालीच्या) या सिलिंडरमध्ये जेमतेम ४०० घनसेंटिमीटर ऑईल मावतं. मिनिटाला ३० लिटर ऑईल आलं तर पूर्ण स्ट्रोक एका सेकंदाच्या आत संपतो. १४ मिलिमीटरची हालचाल अशा वेगात हाताने नेमकी थांबवता येत नाही. म्हणून लाईनमध्ये फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा एक ते दीड मिलिमीटर छिद्राची चकती बसवून घ्या. हे विकणारे क्वचित सांगतात, आणि त्याशिवाय टिल्टचा सिलिंडर नुसता त्रास देतो.

दुसरी गरज लॉक व्हॉल्व्हची. लिव्हरच्या स्पूल व्हॉल्व्हमधून थोडं ऑईल नेहमीच झिरपतं, त्यामुळे सिलिंडर हळूहळू सरकतो. टॉप लिंकवर काम करताना दाब येतो आणि अवजार उचललं की ताण. म्हणून दोन्ही बाजू धरणारा पायलट चेक व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बसलेला घ्या. सिलिंडर निवडताना पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी तुमच्या आत्ताच्या टॉप लिंकशी ताडून बघा. बसवल्यावर सिलिंडर पूर्ण आखूड करून लिफ्ट अगदी हळू वर घ्या आणि अवजार टायरला, काचेला किंवा पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) गार्डला लागत नाही ना ते बघा.

किती लाईन, किती ऑईल

टॉप लिंकला एक डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह, टिल्टला दुसरा, आणि ब्लेड तिरपं करायला सिलिंडर असेल तर तिसरा. एका व्हॉल्व्हला दोन कपलर (पाईप जोडायची तोंडं), म्हणजे मागे सहा कपलर झाले. लहान ट्रॅक्टरवर एखादीच जोडी असते. तिसरा व्हॉल्व्ह बसवणं महाग पडत असेल तर बटणाने एक लाईन दोन सिलिंडरांत फिरवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह लावतात. दोन्ही एकदम हलवता येत नाहीत, पण या कामात सहसा ती गरजही नसते.

पंपाचा आकडा वाचताना स्टिअरिंगचा वेगळा काढा. काही पत्रकांत दोन्ही पंपांची बेरीज छापलेली असते आणि अवजाराला त्यातलं थोडंच मिळतं. हायड्रॉलिकची ताकद किलोवॅटमध्ये हवी असेल तर मिनिटाचे लिटर गुणिले बार, भागिले ६००. ३० लिटर आणि १७५ बारला ८.७५ किलोवॅट. टॉप लिंक आणि टिल्टला इतकी कधीच लागत नाही. लोडरला लागते, तिथे कमी प्रवाह म्हणजे प्रत्येक बकेटला थांबत बसणं.

बाहेरून व्हॉल्व्ह वाढवायचा असेल तर एक गोष्ट मेकॅनिकला आधी विचारा. तुमची सिस्टीम ओपन सेंटर आहे का, आणि नव्या व्हॉल्व्हला पॉवर बियाँड पोर्ट (पुढे लिफ्टकडे दाबाचं ऑईल नेणारं वेगळं तोंड) आहे का? ओपन सेंटरमध्ये ऑईल सतत व्हॉल्व्हमधून फिरून पुढे लिफ्टकडे जातं. पॉवर बियाँड नसलेल्या व्हॉल्व्हच्या टाकीकडे जाणाऱ्या पोर्टवरून पुढे लिफ्ट जोडली, तर लिफ्ट उचलताना पूर्ण दाब त्या पोर्टवर येतो. तो पोर्ट त्यासाठी बनलेला नसतो. सील जातात, कधी व्हॉल्व्हचं अंगच तडकतं. तीन तोंडं, तीन पाईप : पंपाकडून, टाकीकडे आणि पुढे लिफ्टकडे. दोनच दिसले तर थांबा.

माल आणायला हायड्रॉलिक ट्रॉली वापरणार असाल तर ऑईलची पातळीही मोजावी लागते. १०० मिलिमीटर बोअर आणि १ मीटर स्ट्रोकचा जॅक जवळपास ८ लिटर ऑईल ओढून घेतो, आणि ते गिअरबॉक्सच्याच ऑईलमधून जातं. ट्रॉली हवीच असते. ३.६ मीटर रुंद रस्त्यावर १०० मीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड थर टाकायचा तर १८ घनमीटर माल लागतो. ०.२५ ते ०.३ घनमीटरच्या बकेटने त्याच्या साठाहून जास्त फेऱ्या होतात. शिवाय सैल पसरलेला माल दाबल्यावर खाली बसतो, म्हणून थोडा जास्तच आणा.

जुनी लिफ्ट तपासताना

ऑईल गरम होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा, जड अवजार वर उचला, इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनचं अंतर मोजा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. थोडं उतरलं तर चालेल. धपाधप उतरत असेल तर लिफ्टचे सील किंवा व्हॉल्व्ह दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत बोला. मग इंजिन चालू करून अवजार उचललेलं ठेवा. लिफ्ट दर काही सेकंदांनी स्वतःच उचकी देत असेल तर तोच झिरपा दुसऱ्या रूपात दिसतो आहे. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ असेल तर आत पाणी आहे. होज पाईपला कपलरजवळच्या वाकणापाशी चिरा आहेत का तेही बघा, पाईप फुटतो तो बहुधा तिथेच.

झिरपा शोधताना पाईपवरून हात कधीच फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारं ऑईल कातडीत घुसतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण उपचाराला उशीर झाला तर हात जाऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. असं काही झालंच तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा आणि ऑईल आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा. अवजार उचललेलं असताना त्याखाली जायचं नाही, पाती बदलताना खाली ठोकळे हवेतच. आणि अडकलेलं काही ओढायचं असेल तर दोर टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नका, ट्रॅक्टर मागे उलटतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम

माती ओलसर हवी, चिखल नको. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने फुटावा. कोरड्यात काम केलं तर बारीक माल धूळ होऊन उडतो आणि उरलेली खडी बांधली जात नाही.

पहिल्या फेरीत कडेची वरंबी कापा, पातं ३० ते ४५ अंश तिरपं, आणि चर मोकळे करा. कडेच्या मालात गवताची मुळं असतील तर तो रस्त्यावर आणू नका, बाहेरच टाका. मग बॉक्स ब्लेडचे दाते खाली सोडून कडक थर फोडा. खोली ठरते ती सगळ्यात खोल खड्ड्यावरून. दाते खड्ड्याच्या तळापर्यंत पोचले पाहिजेत. नुसता वरून भरलेला खड्डा पहिल्या पावसात त्याच जागी, त्याच आकाराचा पुन्हा दिसतो, कारण खालची कडक वाटी तशीच राहिलेली असते. रस्त्यावरच्या आडव्या बारीक लाटांनाही हेच लागू आहे. एका फेरीत तळ गाठता येत नसेल तर दोन फेऱ्या घ्या.

फोडलेला माल दोन्ही बाजूंनी मधे आणा. पात्याचं कडेकडचं टोक टिल्टने किंचित खाली ठेवा, एका बाजूने जा, दुसऱ्या बाजूने परत या. मधे जी रांग जमेल ती शेवटच्या फेरीत पातं सरळ आणि टॉप लिंक थोडी लांब करून पसरा. वेग ताशी ५ ते ८ किलोमीटरच्या आत. पातं थडथडायला लागलं की वेग आणखी कमी करा, त्या थडथडीतूनच नव्या लाटा पडतात. उतार बघायला २ मीटरची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल घ्या. पट्टी आडवी धरून लेव्हल मधोमध आणली की खालच्या टोकाशी ८ सेंटिमीटर फट हवी, तेवढीच म्हणजे ४ टक्के.

दाबायला रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर ट्रॅक्टरची चाकं दर फेरीला थोडी बाजूला सरकवत सगळी रुंदी दाबून घ्या. लँड प्लेन त्यानंतरच्या पावसात चालवा, माल एकदा बसल्यावर.

पात्याची कड बोल्टने लावलेली असते आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी वापरता येते. ती झिजत झिजत बोल्टच्या डोक्यांपाशी येण्याआधीच उलटी करून घ्या. बोल्टची डोकी झिजली की ती कड काढायला गॅस कटर लागतो, आणि मागचं मूळ पातं झिजायला लागलं तर अवजारच बदलावं लागतं. मधला भाग कडांपेक्षा आधी झिजतो. सरळ पट्टी लावून बघा, मधे बोटभर फट दिसली तर त्या पात्याने सपाट रस्ता होणार नाही, लिव्हरवर हात कितीही बसलेला असो.